रस्ता, रूळ आणि जोखमीचा गुणाकार

"बांधकामातली सुरक्षितता हा विषय पीएचडीला घ्यायचा आहे, सुरुवात कुठून करू?" असं विचारणारे मेसेज अधूनमधून येतात. सोबत पाठवलेल्या सिनॉप्सिसमध्ये एक गोष्ट हमखास असते: पाच बाय पाचचा, हिरवा-पिवळा-लाल रंगवलेला तक्ता. खाली एक वाक्य असतं, की या तक्त्याच्या आधारे अमुक महामार्गाच्या किंवा तमुक रेल्वेमार्गाच्या कामातली जोखीम मोजण्यात येईल.

आजची पोस्ट त्या तक्त्याबद्दल आहे. तो फेकून द्या असं मी म्हणणार नाही. पण तो काय मोजतो आणि त्याच्या नजरेतून काय सुटतं हे माहीत नसताना तो प्रबंधात घातलात, तर व्हायव्हात पहिला प्रश्न तिथेच येईल. आणि यायलाच हवा. कारण साइटवर याच तक्त्याकडे बघून ठरतं, की कोणत्या कामाला जादा माणूस आणि जादा वेळ द्यायचा, आणि कोणतं काम "चालतंय तसं चालू दे" म्हणून सोडायचं.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. धोका म्हणजे इजा करू शकेल अशी गोष्ट: क्रेनला टांगलेला काँक्रीटचा सेगमेंट, दीडशे अंशांच्या आसपास तापलेलं डांबर, रिव्हर्समध्ये येणारा डंपर, रुळावरून येणारी गाडी. जोखीम म्हणजे त्या गोष्टीमुळे कुणाला तरी, किती गंभीर इजा होण्याची किती शक्यता आहे ते. डंपर उभा असताना आणि आसपास कुणी नसताना धोका तोच असतो, जोखीम जवळपास नसते. मराठीत आपण दोन्हीला सर्रास "धोका" म्हणतो, त्यामुळे मराठीत प्रश्नावली तयार करताना इथे फार गोंधळ होतो. मजुराला "या कामात धोका किती?" असं विचारलंत, तर तो नेमका कशाबद्दल उत्तर देतोय हे तुम्हाला कळणार नाही.

आता तक्ता. एका बाजूला शक्यता, १ ते ५. दुसऱ्या बाजूला तीव्रता, १ ते ५. दोन्हींचा गुणाकार म्हणजे जोखमीचा आकडा. साइटवर या सगळ्या कागदांना "हिरा" म्हणतात (इंग्रजी आद्याक्षरं जोडून झालेला शब्द आहे, रत्नाशी संबंध नाही) आणि ऑडिटच्या दिवशी ती फाइल सगळ्यात आधी टेबलावर येते.

दोन ओळी भरून बघू. रुळालगतच्या खडीवरून चालताना पाय मुरगळणं: हे होतच असतं, म्हणून शक्यता ५, इजा किरकोळ, म्हणून तीव्रता १. गुणाकार ५. दुसरी ओळ, उड्डाणपुलाचा गर्डर बसवणारा लाँचर कोसळणं: क्वचित होतं, शक्यता १, झालं तर मृत्यू, तीव्रता ५. गुणाकार ५. दोन्ही एकाच रंगात. तक्ता आपल्याला सांगतोय, की मुरगळलेला पाय आणि कोसळलेला लाँचर यांच्याकडे सारखंच लक्ष द्या.

हे काय झालं, ते विज्ञानाच्या विद्यार्थ्याला लगेच कळायला हवं. स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली 'सायन्स'मध्ये मोजमापाच्या चार पातळ्या मांडल्या, त्या आपण रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरला पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. शक्यता १ ते ५ ही क्रमवाचक मोजपट्टी आहे. वर्गातला पहिला आणि दुसरा नंबर यांच्यात एका मार्काचा फरक असेल किंवा वीस मार्कांचा, नंबरवरून ते कळत नाही. तसंच शक्यता २ ही १ च्या दुप्पट असते असं कुठेच ठरलेलं नाही. ती दहापट असू शकते, शंभरपटही. अशा क्रमांकांचा गुणाकार करणं म्हणजे मराठीतला नंबर आणि गणितातला नंबर गुणून विद्यार्थ्याची हुशारी काढणं.

शिवाय २५ चौकोन दिसत असले, तरी गुणाकार निघतात फक्त १४. तुम्ही स्वतः मोजून बघा. ७, ११, १३ असे आकडे येऊच शकत नाहीत. लुई अँथनी कॉक्स यांनी २००८ साली या तक्त्यांमधल्या गणिती अडचणींवर एक लेख लिहिला. काही परिस्थितींत हे तक्ते कमी जोखमीला जास्त आणि जास्त जोखमीला कमी ठरवू शकतात, हे त्यांनी त्यात दाखवलं. या विषयात येणाऱ्याने तो लेख पहिल्या महिन्यात वाचावा, दुसऱ्या वर्षात नव्हे.

पण माझ्या मते खरी अडचण गणिताच्याही आधी आहे. ती "तीव्रता ५" या शब्दांत आहे.

३१ जुलै २०२३ च्या रात्री, म्हणजे १ ऑगस्ट उजाडायच्या आत, ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या पुलाचं काम चालू असताना लाँचर आणि गर्डरचे भाग सुमारे शंभर फुटांवरून खाली आले. वीस जणांचा मृत्यू झाला. कोसळण्याची तांत्रिक कारणं हा वेगळा विषय आहे. इथे आपल्या तक्त्यापुरतं बघू. तक्त्यात एका माणसाचा मृत्यू म्हणजे ५ आणि वीस माणसांचा मृत्यू म्हणजेही ५, कारण पट्टी तिथेच संपते. म्हणजे एखाद्याने आधी असा विचार केला असता, की सेगमेंट वर असताना खाली आणि वर मिळून किती माणसं लागतात, ती संख्या निम्मी करता येईल का, तर त्याच्या त्या विचाराचं या तक्त्यात काहीही उमटलं नसतं. आकडा तोच राहिला असता.

तीव्रता ही लाँचरच्या अंगची गोष्ट नाही. काम कसं लावलंय, कुणाला कुठे उभं केलंय, त्यावर ती ठरते. लाँचरचंच आणखी एक उदाहरण घ्या. हे यंत्र एका खांबावरून पुढच्या खांबावर स्वतः सरकतं आणि त्या सरकण्याच्या वेळी त्याचे आधार बदलतात; तो टप्पा सर्वांत नाजूक. मग "लाँचर अपघाताची शक्यता" दर दिवशी मोजायची की दर सरकण्यामागे? महिन्यात चार वेळा लाँचर सरकवणारी साइट आणि बारा वेळा सरकवणारी साइट यांना एकाच ओळीत बसवलं, तर तुलना फसते. अंश सगळे मोजतात. छेद कोणता घ्यायचा, हा प्रश्न फार थोडे विचारतात, आणि संशोधनाला जागा तिथे आहे.

"किती वेळ, किती वेळा संपर्क" हा घटक मोजणारी पद्धत जुनीच आहे. विल्यम फाइन यांनी १९७१ साली आणि किनी व विरुथ यांनी १९७६ साली अमेरिकेच्या नौदलाशी संलग्न संस्थांमध्ये ती मांडली. शक्यता, एक्स्पोजर आणि परिणाम असा तीन घटकांचा गुणाकार. किनीच्या पट्टीवर परिणामाचे आकडे १ ते १०० जातात, त्यामुळे मोठी दुर्घटना आणि मुरगळलेला पाय निदान एका रंगात येत नाहीत. गुणाकाराचा मूळ आक्षेप तिथेही राहतोच. तरी पाच बाय पाचवरून थेट उडी मारायची असेल, तर पहिली पायरी म्हणून ती बरी.

आता रुळाकडे जाऊ, कारण तिथे जोखीम खरंच सेकंदांत मोजता येते.

ट्रॅकवर काम करणाऱ्या गँगला गाडीपासून वाचवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, ब्लॉक घ्यायचा, म्हणजे त्या वेळात गाडीच सोडायची नाही. दोन, गाड्या चालू ठेवायच्या आणि एक माणूस फक्त गाडी बघायला उभा करायचा. दुसऱ्या मार्गाचं गणित असं. समजा वळणावर गाडी ४०० मीटरवर दिसते. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, गाडी पोचायला १४.४ सेकंद. वेग १३० झाला, की ११.१ सेकंद. १६० झाला, की ९ सेकंद.

ब्रिटनच्या रेल्वेत नियम आहे, की गाडी पोचण्याच्या किमान १० सेकंद आधी कामगार सुरक्षित जागी उभा असला पाहिजे. तो दंडक आपल्या वळणावर लावून बघा. १०० च्या वेगाला हातात उरतात ४.४ सेकंद. तेवढ्यात बघणाऱ्याला गाडी दिसायची, त्याने शिट्टी वाजवायची, पहार मारणाऱ्याने ती ऐकायची, पहार बाजूला टाकायची आणि रुळाबाहेर यायचं. १३० ला उरतो एक सेकंद. १६० ला ते दहा सेकंदच पुरे होत नाहीत. मुंबई–दिल्ली मार्गावर वेग १६० पर्यंत नेण्याचं काम हाती घेतलं गेलं आहे. प्रवासी म्हणून आपल्याला आनंद आहे. पण त्याच वळणावर, त्याच माणसाची, त्याच पहारीसकट जोखीम बदलली, आणि तक्त्यातल्या ओळीत मात्र "गाडीची धडक: शक्यता २, तीव्रता ५" हेच छापलेलं राहू शकतं. उलटं गणित करा: हत्यारं उचलून बाहेर पडायला १५ सेकंद धरले आणि वरचे १० मिळवले, तर १०० च्या वेगाला सुमारे ७०० मीटर लांबवर दिसायला हवं, १३० ला ९०० आणि १६० ला ११०० मीटर. कोकणातल्या किंवा घाटातल्या कटिंगमध्ये ११०० मीटर सरळ नजर कुठे पोचते, सांगा.

दुहेरी मार्गावर आणखी एक सापळा आहे. एका रुळावर गाडी येते, माणूस सवयीने शेजारच्या रुळावर सरकतो, आणि पहिल्या गाडीच्या धडधडाटात दुसरी ऐकूच येत नाही. म्हणून शिकवणच असते, की बाहेरच्या कडेला व्हा, दोन रुळांच्या मध्ये किंवा शेजारच्या रुळावर कधीही नाही. सांगायला सोपं. पण कडेला खडीचा ढीग, जुने स्लीपर किंवा ओढा असेल, तर माणूस पाय जिथे सहज पडतो तिकडेच जातो. हा ढीग तुमच्या तक्त्यात कुठल्या ओळीत येतो? "अव्यवस्थित साहित्य, ठेच लागणे, तीव्रता १" या ओळीत! तक्ता धोके एकेकटे मोजतो. माणसं मरतात ती बहुधा दोन धोके एकमेकांना भेटतात तेव्हा.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत अस्वस्थ करणारं उदाहरण वेल्समधल्या मार्गम इथलं आहे. ३ जुलै २०१९ रोजी तीन कामगार एका सांध्याजवळ बोल्ट सैल करत होते. पेट्रोलवर चालणारं, मोठा आवाज करणारं यंत्र होतं. आवाजापासून बचाव म्हणून कानांवर संरक्षक होते. गाडी बघायला म्हणून रीतसर नेमलेला माणूस नव्हता. गाडी आली ती त्यांना कळलीच नाही आणि दोघांचा जीव गेला. आवाज हा धोका, त्यावर उपाय कानाचं संरक्षक, ही ओळ कागदावर अगदी बरोबर आहे. गाडी हा धोका, त्यावर उपाय कान आणि डोळे उघडे ठेवणं, हीसुद्धा ओळ बरोबर. दोन्ही ओळी एका माणसाच्या डोक्यावर एकाच वेळी आल्या. ब्रिटनच्या रेल्वे अपघात तपास शाखेने त्यावर सविस्तर अहवाल दिला आणि नंतर तिथे नुसत्या नजरेच्या भरवशावर चालू रुळावर काम करणं मोठ्या प्रमाणात कमी केलं गेलं. नियंत्रणाच्या उतरंडीत हेच सांगितलेलं असतं: आधी धोकाच काढा, मग बदला, मग यंत्राने अडवा, मग नियम करा, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-हातमोजे. आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांच्या शिफारशी मात्र खालच्या टोकाने सुरू होतात आणि तिथेच संपतात.

धूळ, धूर आणि ऊन हा वेगळाच प्रकार. इथे शक्यता-तीव्रतेचा तक्ता जवळपास आंधळा असतो, कारण परिणाम दिसायला वर्षं लागतात. काँक्रीट कापताना किंवा बोगद्यात भोकं पाडताना उडणाऱ्या स्फटिकी सिलिकाने सिलिकोसिस होतो. खोकला लागेपर्यंत मजूर तिसऱ्या राज्यात, पाचव्या ठेकेदाराकडे पोचलेला असतो. फाइलमध्ये लिहिलेलं असतं: "धूळ, डोळे चुरचुरणे, तीव्रता २." अमेरिकेत बांधकामासाठी याची आठ तासांची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे, इतकी कमी, की डोळ्यांना हवा स्वच्छ दिसत असतानाही ओलांडली जाऊ शकते.

इथे भूशास्त्र-रसायनशास्त्रवाल्यांसाठी एक गंमत. सह्याद्रीच्या बेसॉल्टचं रासायनिक पृथक्करण केलंत, तर सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास येते, आणि एखादा घाईचा विद्यार्थी लिहून मोकळा होतो की इथे सिलिकोसिसची जोखीम प्रचंड. पण ती सिलिका बहुतांशी फेल्डस्पार, पायरॉक्सिन अशा खनिजांत बांधलेली असते. फुफ्फुसाला नडते ती मोकळी, क्वार्ट्झसारखी स्फटिकी. ग्रॅनाइट, क्वार्ट्झाइट किंवा वाळूचा दगड फोडताना चित्र पार बदलतं. बेसॉल्टच्या पोकळ्यांतही क्वार्ट्झ सापडतंच, त्यामुळे "बेसॉल्ट आहे, काळजी नको" हेही चूक. धुळीचा नमुना घेऊन एक्स-रे विवर्तनाने स्फटिकी भाग मोजणं, हा मार्ग. एमएस्सीला ते यंत्र हाताळलेलं असेल, तर हा विषय तुमच्यासाठीच आहे.

डांबराच्या धुराबद्दल एकच सांगते: कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने रस्त्याच्या डांबरीकरणातला संपर्क "कर्करोगकारक असू शकतो" या गटात ठेवला आहे, छपरांवरच्या ऑक्सिडाइज्ड बिट्युमेनच्या कामापेक्षा एक पायरी खाली. दोन्ही एकत्र करून उद्धृत करू नका.

राहिला मोजदादीचा प्रश्न. डीजीफासलीची आकडेवारी कारखान्यांची आणि गोद्यांची असते; महामार्गावरचा मजूर कारखान्यात बसत नाही. रस्त्याच्या कामावर असताना ट्रकने उडवलेला माणूस बहुधा मोटार अपघात म्हणून नोंदला जातो. रेल्वेच्या गाडी-अपघातांच्या आकड्यांत टक्कर, घसरणं, आग, फाटकावरचे अपघात येतात. गाडीखाली आलेला ट्रॅकमन त्या रकान्यात नसतो. सिलक्याराच्या बोगद्यात १२ नोव्हेंबर २०२३ ला ४१ माणसं अडकली आणि २८ नोव्हेंबरला बाहेर आली. केवढा आनंद झाला आपल्याला! पण केवळ मृत्यू मोजणाऱ्या अभ्यासात त्या बोगद्यापुढे येतं शून्य. "अपघात कमी झाले" असं वाक्य कुठेही दिसलं, की आधी बघायचं, अपघात म्हणजे काय धरलंय.

आणि हाइनरिखचा त्रिकोण. १९३१ च्या पुस्तकातलं ते १ मोठी इजा, २९ किरकोळ, ३०० बिनइजेच्या घटना. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ते प्रमाण वैश्विक नियमासारखं लिहिलेलं असेल, तर काढून टाका. हाइनरिख विमा कंपनीत होता, त्याने ज्या नोंदींवरून हे काढलं त्या आज तपासायला मिळत नाहीत, आणि मुरगळलेले पाय कमी झाले म्हणून लाँचर कोसळणं कमी होतं असं त्यातून सिद्ध होत नाही. दोन्हींची कारणंच वेगळी.

सगळ्यात नाजूक मुद्दा सर्वेक्षणाचा, कारण त्यावर अनेकांचे गाइड चिडतील. शंभर इंजिनिअरांना लाइकर्ट पट्टीवर चाळीस कारणं द्यायची, सापेक्ष महत्त्वाचा निर्देशांक काढायचा, पहिली पाच कारणं लिहायची. पहिल्या पाचात "कामगारांचा निष्काळजीपणा" येतो. येणारच, कारण विचारलंय इंजिनिअरांना. तुम्ही त्या साइटची जोखीम मोजलेली नसते, त्या साइटवरच्या एका थराचं मत मोजलेलं असतं. तेही मोजण्यासारखं आहे, फक्त प्रबंधाच्या नावात तसं लिहा. आणि जमलं तर तीच चाळीस कारणं मुकादमाला, डंपरवाल्याला आणि रोलरच्या मागे झाडू मारणाऱ्या बाईंना विचारा, त्यांच्या भाषेत, ठेकेदाराचा माणूस शेजारी उभा नसताना. दोन याद्यांमधला फरक हाच एक स्वतंत्र शोधनिबंध होईल.

हे करून बघायचं असेल, तर सुरुवातीला ना निधी लागतो ना परवानगी. प्रवासी तिकीट काढून एखाद्या वळणाजवळच्या स्टेशनच्या फलाटावर, कडेपासून लांब बसा. न थांबणारी गाडी पहिल्यांदा दिसली की मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा, समोरून गेली की बंद. वीस गाड्यांचे सेकंद लिहा. उन्हातले, पावसातले, संध्याकाळचे वेगळे. मग त्यातून दहा वजा करा. फलाट सोडून रुळावर उतरायचं नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे आणि रुळावर जाऊन मोजायचंच असेल, तर मंडल कार्यालयाची लेखी परवानगी आणि सोबत रेल्वेचा माणूस लागतो. अर्जाचा मजकूर कसा लिहायचा, ते पुढच्या पोस्टमध्ये देते.